नैवेद्याची वाटी

माझी पत्नी गेली तो मंगळवार होता. सकाळी तिने गणपतीला नैवेद्य दाखवला, दुपारी तिला दवाखान्यात नेले आणि संध्याकाळी मी एकटा घरी आलो.

वर्तकनगरच्या आमच्या घरात तिच्या माहेरचा पितळी गणपती आहे. त्याला रोज सकाळी वाटीभर शिरा, साजूक तुपातला, हा तिचा नेम. सुतक फिटल्यावर तो मी हाती घेतला. मी भाविक नव्हतो. माझा वेळ पुस्तकांत जायचा आणि देवघर तिच्याकडे असायचे. पण रवा भाजल्याचा वास सुटला की ती आत ओट्यापाशी उभी आहे असे क्षणभर वाटे. त्या क्षणासाठी मी शिरा करत होतो, असे आज म्हणता येईल. नैवेद्य दाखवून झाला की ती वाटी मी संपवत असे. प्रसाद टाकायचा नसतो. मधुमेह मला बऱ्याच वर्षांचा. चहा बिनसाखरेचा, कार्याच्या पंगतीत जिलेबी आली की मी पानावर आडवा हात धरतो. प्रसाद गोडात मोजायचा असतो हे मात्र माझ्या मनातच आले नाही.

वर्ष सरत आले तशी साखर चढू लागली, रक्तदाबही वाढला, लघवीत थोडी प्रथिने सापडली. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी सांगितली. ती उपाशीपोटी करायची होती, म्हणून त्या दिवशीचा शिरा मी डब्यात भरून बरोबर घेतला. रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या की दोन्ही किडन्यांभोवती चरबी साठली आहे. मला नवल वाटले, कारण मी अंगाने बारीक आहे. त्यांनी शांतपणे समजावले: चरबी नेहमी पोटावर दिसेलच असे नाही, ती आत अवयवांभोवतीही बसते. मधुमेहात किडनीभोवतीची अशी चरबी जास्त असली की बहुधा साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी असे सगळेच बिघडलेले असते, आणि किडनीवरही ताण येतो. अजून किडन्या चांगल्या आहेत, पण असेच चालले तर राहणार नाहीत. मग त्यांनी विचारले,

“काका, गोड काय काय खाता?”

“गोड मी खातच नाही.”

“आणि या डब्यात?”

“तो प्रसाद आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवले. “काका, किडनीला ते कळत नाही हो.”

मी बाहेर पडलो. शिरा बंद करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते योग्य होते. पण तिच्या मागे माझ्याकडे चालता-बोलता असा तो एकच नेम उरला होता. तो सोडायचा म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून येण्यासारखे होते. जवळच गणपतीचे एक देऊळ आहे, तिथे जाऊन बसलो. काय मागावे ते सुचेना. काय करू ते तूच सांग, एवढेच मनात म्हणालो आणि डबा उघडून मांडीवर ठेवला. खाववेना आणि टाकवेना.

शेजारी काठी टेकून एक बाई बसल्या होत्या. माझ्याहून वयाने मोठ्या, सुनेची वाट बघत होत्या. त्यांनी डब्यात डोकावून विचारले, नैवेद्याचा का? मी हो म्हणालो. घरी कोण कोण, तेही विचारले. मी एकटाच आहे असे सांगितले.

“आणि एवढा सगळा तुम्हीच खाता? अहो, गणपतीलासुद्धा उंदीर आहे वाटेकरी.”

कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो. त्यांनी दोन बोटांनी कणभर शिरा उचलला, कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “प्रसाद एवढाच असतो, भाऊ. वाटीभर झाला की ते जेवण.”

तेवढ्यात त्यांची सून आली आणि त्या गेल्या. मी तसाच बसून राहिलो. इतकी वर्षे समोर असलेले एक दृश्य मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसले. पत्नी माझ्या तळहातावर चिमूटभर शिरा ठेवायची आणि वाटी घेऊन दाराबाहेर जायची. मी पुस्तकातून मान वर करेपर्यंत ती जिन्यात कुणाशी तरी बोलत असायची. परत यायची तेव्हा वाटी रिकामी असे. शिरा मी नेमाने करत राहिलो होतो, ते दाराबाहेर जाणे तेवढे माझ्याकडून राहून गेले होते.

उरलेला शिरा मी देवळातच वाटला. दुसऱ्या दिवसापासून छोटी वाटी केली. चिमूटभर माझा, बाकी घेऊन जिने उतरायचे आणि चढायचे. पहिली दारे वाजवताना संकोच वाटला. तळमजल्यावरच्या वहिनींनी दार उघडले, वाटीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “किती उशीर केलात हो.” त्यांनी हात पुढे केला. तिथूनच पुढे तलावापर्यंत फिरून यायची सवय लागली.

त्या बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. त्या कोण होत्या याचा तर्क मी करत नाही. मी विचारले होते आणि उत्तर मिळाले, एवढ्यासाठी रोज हात जोडतो. पत्नीचा नेम घट्ट धरून ठेवणे हीच भक्ती असे मला वाटत होते. देवाच्या हाती सोपवायचे तर आधी आपली मूठ उघडावी लागते, हे मला त्या देवळात उमगले.

साखर आता आटोक्यात आहे, लघवीतली प्रथिने कमी झाली आहेत. चरबी किती उतरली ते पुढच्या सोनोग्राफीत कळेल. गोळ्या चालू आहेत. घरात ती नाही.