हात लावून सांग

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात माझी बदली उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका सिग्नल सेंटरवर झाली. जागेचं नाव सांगत नाही. पेन्शनीत निघालो तरी सवय गेलेली नाही. मी तेव्हा हवालदार होतो, सोळा वर्षं नोकरी झालेली. गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली.

आमच्या तळापासून वरच्या रिले पोस्टपर्यंत चढून जायला चार तास लागायचे. वर दोन माणसं आणि एक यंत्र. यंत्र खालून आमचं बोलणं घ्यायचं आणि पलीकडच्या चौकीला द्यायचं. वरच्या दोघांत एक होता नाईक उत्तम राठोड, कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन चार वर्षं झाली होती, तरी हा पत्त्यावर परभणीच लिहायचा. मी टोकलं की म्हणायचा, "भौ, कागद बदलला म्हनून काय रान बदलते का?" हजार माणसांत आपल्या बोलीचं एक माणूस सापडलं की काय होतं, ते घर सोडल्याशिवाय कळत नाही. तो वर आणि मी खाली. महिना-महिना तोंड दिसायचं नाही, पण रोज संध्याकाळी सहाला लाईन तपासताना अर्धा मिनिट तो आमच्याकडचं बोलायचा. त्या अर्ध्या मिनिटावर माझा दिवस जायचा.

सत्त्याऐंशी साली मी भरती झालो तेव्हा काम बटणांचं होतं. पुढे काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे दिवस आले. या पोस्टिंगवर मात्र कॉम्प्युटरवर सगळा नकाशाच आला. प्रत्येक पोस्टला एक चौकोन. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे तक्रार, लाल म्हणजे बिघाड. राखाडी म्हणजे तिथलं आपल्याला काहीच कळत नाही. चौकोनावर माऊस दाबला की यंत्राचं चित्र उघडायचं. वरच्या यंत्राला दोन पोर्ट होते, म्हणजे दोन दारं म्हणा. पोर्ट एक आमच्या दिशेचं, पोर्ट दोन पुढच्या चौकीच्या दिशेचं. खुर्चीत बसून कुठलंही दार उघडा, कुठलंही बंद करा. जवान खूष झाले. मला ते कधी मानवलं नाही. चार तासांची चढण त्या पडद्यावर दोन बोटांची होते आणि माणूस शेफारतो.

म्हणून आमच्या सेंटरमध्ये एक पद्धत होती. कुठलंही पोर्ट बंद करण्याआधी वरच्या माणसानं यंत्राच्या खोपटात जायचं, त्या पोर्टवर प्रत्यक्ष हात ठेवायचा आणि त्यावर लिहिलेला नंबर वाचायचा. मग खालच्यानं पडद्यावर तोच नंबर शोधायचा. हुकूम तीन शब्दांचा होता, "हात लावून सांग." ही पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. आधीच्या लोकांनी ठेच खाऊन शिकलेली होती. माझ्या शिफ्टमध्ये ती चुकवणाऱ्याला मी स्वतः उभा-आडवा झोडायचो.

जानेवारीत पुढच्या चौकीच्या यंत्रात नवीन कार्ड बसवायचं ठरलं. त्यासाठी वरचं पोर्ट दोन दहा मिनिटं बंद करायचं होतं. वेळ सकाळी आठची. परवानगीचा मेसेज आला दहा वाजून पस्तीस मिनिटांनी. आदल्या दोन दिवसांत बर्फ भरपूर पडला होता आणि आता स्वच्छ ऊन होतं. ताज्या बर्फावर ऊन आलं की उतारावर पाय ठेवायचा नाही, हा तिथला नियम. राठोडच्या बंकरपासून यंत्राचं खोपट दोनशे पावलांवर, मध्ये नेमका तो उतार.

त्यात अकराला राठोडच्या बायकोचा फोन यायचा होता. कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी ती एसटीडी बूथवर यायची, आमच्या एक्सचेंजला फोन लावायची, आणि मी तो वर जोडून द्यायचो. तिचे दिवस भरत आले होते. शेवटचं पत्र आलं त्याला तीन आठवडे झाले होते. राठोडनं सकाळपासून वायरलेस सेटवर मला दोनदा वेळ विचारली होती.

मी विचार केला, कशाला त्याला उन्हात उतारावर पाठवायचं? पोर्ट मला पाठ आहेत. हात लावायला सांगितलं नाही.

पडद्यावरच्या नकाशात आमचा तळ उजवीकडे होता आणि पुढची चौकी डावीकडे. यंत्राच्या चित्रात उलटं होतं, पोर्ट एक डावीकडे आणि दोन उजवीकडे. तीन महिने मी ते चित्र रोज पाहत होतो. दहा एकेचाळीसला मी डावीकडचं पोर्ट बंद केलं. नक्की करायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी हो म्हटलं.

चौकोन राखाडी झाला.

बसलेली फांदी तोडली म्हणतात ते हेच. आमच्याकडचं दारच मी बंद केलं होतं आणि आता माझा हुकूम वर पोचायला वाट नव्हती. ते पोर्ट यंत्रावरूनच, हातानं सुरू करावं लागणार होतं. आमच्यात बोलायला छोटा वायरलेस सेट तेवढा उरला.

"टॉप, बेस बोलतोय. लिंक गेली. ओव्हर."

"हावो, दिसून राहिलं. काय झालं? ओव्हर."

"माझ्या हातून पोर्ट एक बंद झालं. उतारावर ऊन आलं का? ओव्हर."

"आलंय. पाच मिनिटाचं काम हाय, जाऊन येतो. ओव्हर."

"थांब. सावली पडू दे. साहेबांना विचारतो. ओव्हर."

"भौ, काहून जीव खाऊन राहिले? पुढची चौकी मुकी झाली. अन् फोन बी येईन आता. निघालो. आउट."

मी पुन्हा सेट उचलायला हवा होता. थांब, हा हुकूम आहे, असं म्हणायला हवं होतं. मी हवालदार, तो नाईक. तो थांबला असता. मी सेट खाली ठेवला, कारण माझी चूक पाच मिनिटांत पुसली जावी असं मलाही वाटत होतं. इतक्या वर्षांत त्याहून जास्त खरं काही मला सांगता आलेलं नाही.

अकरा वाजून तीन मिनिटांनी चौकोन हिरवा झाला. अकरा चारला फोन आला.

"भौजी, म्या बोलून राहिली. पोरगी झाली. अकरा दिस झाले. हायेत का ते?"

"वहिनी, धरा फोन. येऊन राहिला तो."

मी खरोखर हसत होतो. एका कानाला तिचा फोन, दुसऱ्या कानाला सेट. अकरा सातला सेटवर राठोडच्या जोडीदाराचा आवाज आला. उतारावरचा बर्फ तुटून खाली आला होता. राठोड परत येताना मधोमध होता.

"भौजी?"

"वहिनी, लाईन खराब झाली. नंतर लावा."

"बरं. पण त्यायला सांगा पोरगी झाली म्हनून. सांगता ना?"

"सांगतो," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

दुपारी दीडला तो सापडला.

चौकशी झाली. कॉम्प्युटर कुणाच्या नावानं काय झालं ते मिनिटानिशी लिहून ठेवतो, त्यामुळे लपवायला काही नव्हतं, आणि मी लपवणार नव्हतो. कार्यपद्धतीतल्या चुकीबद्दल मला ठपका मिळाला. मृत्यूचं कारण हिमस्खलन असं लिहिलं गेलं. दोन्ही कागद खरे होते. फक्त ते एकमेकांना जोडलेले नव्हते.

रिटायर होऊन मी साखऱ्याला आलो ते दोन हजार नऊमध्ये. कळमनुरीला दोन बाजार गेलो आणि तांड्याच्या फाट्यावरून परत फिरलो. तिसऱ्यांदा गेलो. वहिनी अंगणात तुरी बडवत होत्या. मला ओळखलं नाही. पाहिलं कुठं होतं त्यांनी? बोललो तेव्हा हातातली काठी खाली ठेवली. आवाज ओळखला.

मी सगळं सांगितलं. पोर्ट, ऊन, न दिलेला हुकूम.

"म्हंजे लाईन खराब नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती. इतकी साफ लाईन मी कधीच दिली नव्हती."

"तुमच्या चुकीचं तुमी बघा, भौजी. माप करते असं माझ्या तोंडून येत न्हाई आज." मग म्हणाल्या, "सांगतो म्हनले व्हते त्या दिशी. सांगितलं का त्यायला?"

"सांगितलं."

"कवा?"

"खाली आणला तेव्हा. संध्याकाळी सहाला. डॉक्टरचं झाल्यावर तंबूत आम्ही दोघंच होतो. कानाशी जाऊन सांगितलं. पोरगी झाली राठोड, दोघी बऱ्या हायेत. दोनदा सांगितलं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग घराकडे तोंड करून हाक मारली. शाळेच्या कपड्यातली एक पोर दारात आली, थेट राठोडच्या कपाळाची.

"इकडं ये," वहिनी तिला म्हणाल्या. "पाया पड. तू झाली ते तुह्या बापाला यायनं सांगितलं."