शेवटचं कडवं

आमच्या शेजारच्या काकांना स्ट्रोक आला आणि त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलं. उरली ती आयर्लंडमधल्या लहानपणची आयरिश भाषा. जर्सी सिटीच्या हॉस्पिटलात ती कळणार कुणाला, कपाळ! नर्स मलाच विचारायची, "कुठे दुखतंय का त्यांना?" मी नुसती शेजारीण. रविवारी त्यांच्याकडे चहा प्यायचे आणि एक अक्षर न कळता त्यांच्या कविता ऐकायचे. मी काय डोंबल सांगणार!

त्यांच्या गावाकडची रीतच वेगळी. कविता कागदावर उतरवायची नाही. कवीने रचायची आणि मित्राने पाठ करून सांभाळायची. काकांचे असे मित्र म्हणजे बॉस्टनचे एक म्हातारे प्रोफेसर, आयरिशचे गाढे अभ्यासक. "निदान फोनमध्ये रेकॉर्ड तरी करा हो," असं मी एकदा वैतागून म्हटलं, तर काका नुसते हसले होते.

शेवटी मी प्रोफेसरांना व्हिडिओ कॉल लावला. काकांचा चेहरा असा उजळला की मला भडभडून आलं. अडखळत त्यांनी काही ओळी म्हटल्या आणि थांबले. पुन्हा त्याच म्हटल्या, पुन्हा थांबले. स्क्रीनकडे बघत राहिले.

"दुखतंय का, विचारा ना त्यांना," मी म्हटलं.

"दुखत नाहीये. बायको गेली तेव्हा रचलेली कविता आहे ती. शेवटचं कडवं त्याला आठवत नाही. माझ्याकडे मागतोय."

"मग म्हणा की!"

प्रोफेसरांनी चष्मा काढला. "मला हल्ली माझ्या मुलीचं नाव आठवत नाही गं."

मला दोघांचाही संताप आला. मेली कसली ही रीत! एका चिठोऱ्यावर लिहून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आता हे ऐकवायचं कुणाला?

प्रोफेसर आयरिशमध्ये काहीतरी बोलले. काकांनी समाधानाने मान डोलावली.

"काय सांगितलंत?"

"शनिवारी येतो, समोर बसून म्हणतो, असं."

"खरंच येणार?"

"मुलगी आणेल गाडीने. पण येऊन म्हणू काय?"

शनिवारी काकांनी खाणाखुणा करून नर्सकडून दाढी करवून घेतली. मी पोचले तेव्हा उशीला टेकून दाराकडे बघत बसले होते. बाहेर पावलं वाजली की मान वर व्हायची. दुपारी प्रोफेसर आले, खुर्ची ओढून बसले, काकांचा हात हातात घेतला. काकांनी डोळे मिटले आणि ऐकायला चेहरा पुढे केला.

प्रोफेसरांनी माझ्याकडे बघितलं, जणू मलाच ते कडवं येत असावं.