दुसरं 'इल्लै'

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. तो मरणाच्या दारात होता तेव्हाही नाही. देवापुढेही कधी बोलले नाही. त्याला ठाऊक असेल तर असो, मी होऊन सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्याचसाठी, की तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे तुम्ही तरी मला भोळी म्हणणार नाही.

भोळी! ह्या एका शब्दानं माझं डोकं फिरतं. साठ वर्षं सासरची माणसं मला भोळी म्हणत आली. मीही ऐकून घेत आले. का घेतलं ऐकून? ते पुढे कळेल.

माझं माहेर साताऱ्याकडचं. शाळा चौथीपर्यंत. पाचवीसाठी तालुक्याला जावं लागायचं, आणि वडील म्हणाले, पत्र वाचता येतं ना, मग पुरे. अठराव्या वर्षी लग्न करून मद्रासला आले. सासरचे लोक तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या तिकडेच वाढलेले. 'सगळे' म्हणायचं तर ते 'अस्के' म्हणत. मला त्यांची मराठी ऐकून हसू यायचं, त्यांना माझी ऐकून. पण घर त्यांचं होतं आणि मी एकटी होते, म्हणून हसायचा हक्क त्यांचा. मी हसू गिळायची.

मैलापूरचं घर. सासूबाई, माझे यजमान आणि नणंद वत्सला. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी मी तिला वन्सं म्हणायची आणि ती मला वन्नी. बी. ए. झालेली, शाळेत पहिलीची मास्तरीण. सव्वीस वर्षांची झाली होती. दोन स्थळं येऊन परत गेली होती. पुढचं स्थळ बघायला कुणाला उत्साह उरला नव्हता आणि तिला तर नव्हताच. तिनं आपली आपण खटपट केली आणि इथियोपियात नोकरी मिळवली. लहान मुलांना इंग्रजी शिकवायची. मद्रासेतून तेव्हा बरेच मास्तर तिकडे जात. बाई मात्र आमच्या ओळखीत हीच पहिली. सासूबाई आठ दिवस जेवल्या नाहीत, नवव्या दिवशी जेवल्या. तिकडे थंडी असते म्हणून वन्संनी मूर मार्केटातून एक जुना लोकरीचा कोट आणला. मद्रासच्या उन्हात लोकरीचा कोट! अख्खी आळी बघायला आली.

ती मला म्हणाली, "वन्नी, तिथल्या पोरांना तमिळ येणार नाही, मराठी येणार नाही. नुसत्या इंग्रजीनं इंग्रजी शिकवायचं. मला कुणावर तरी सराव करायला पाहिजे गे. तुला कायच येत नाही, तूच बरी."

तुला कायच येत नाही. खोटं नव्हतं, म्हणून मी बसले.

रोज दुपारी भांडी आटोपली की ती कोट चढवून माझ्यापुढे उभी राहायची. घामानं निथळायची, पण कोट काढायची नाही, म्हणे सवय व्हायला हवी. हातात चमचा धरून म्हणायची, धिस इज अ स्पून. मग भाताचा डाव उचलायची आणि म्हणायची, धिस इज नॉट अ स्पून. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायची आणि मला गिरवायला लावायची. दीड महिना हे चाललं.

मला ते आवडत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. चौथीनंतर पहिल्यांदा कुणी माझ्या हातात पाटी दिली होती. मी स्वयंपाक करताना मनात म्हणायची, धिस इज नॉट अ स्पून, धिस इज नॉट अ तवा.

मग एका रविवारी तिच्या शाळेतल्या तिघी मैत्रिणी कॉफीला आल्या. तिनं मला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि हातात डाव दिला. मी गावच्या शाळेत उभी राहायची तशी उभी राहिले, मान ताठ, दुसरा हात छातीवर, आणि पाढे म्हणावेत तसं सुरात म्हटलं. मला तसंच म्हणता येत होतं, दुसरं कसं म्हणणार? तिघी हसल्या. एकीची कॉफी साडीवर सांडली, तरी हसतच होती. आणि वन्संही हसल्या. हसता हसता त्यांना तमिळमध्ये म्हणाल्या, "ही शिकली म्हणजे तिकडची पोरं नक्कीच शिकतील!"

तमिळमध्ये म्हणाल्या, मला कळू नये म्हणून. पण दहा वर्षं मी त्या गावात भाजी घेत होते, पाण्यासाठी भांडत होते. मला तमिळ कळत नाही असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, मला कुणी विचारलं नव्हतं. मी डाव घेऊन आत गेले आणि त्या तिघींचे पेले घासले.

एवढंच झालं होतं. एवढंच. ह्याहून मोठे अपमान गिळून बायका गप्प राहतात. मीही राहिले असते, चौथ्या दिवशी पोलीस आला नसता तर.

पासपोर्टाच्या चौकशीला कुणीतरी येणार, हे वन्संनी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं. "मी इथंच राहते एवढं म्हणा, झालं." मी तिथेच तांदूळ निवडत होते. मला सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

तो भर दुपारी आला. वन्सं शाळेत, यजमान कचेरीत, सासूबाई देवळात कथेला. त्यानं सायकल भिंतीला लावली आणि कागद बघत विचारलं, "टी. एस. वत्सलाबाई इरुक्कांगळा?" वत्सलाबाई आहेत का?

मी म्हटलं, "इल्लै." नाहीत. हे खरं होतं. ती शाळेत होती.

त्यानं मान वर केली. पुन्हा कागद बघितला, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "इल्लैया?" म्हणजे नाहीतच का? अशी कुणी इथे नाहीच का? त्या सुरातच मला कळलं तो काय विचारतोय. आणि मी म्हटलं, "इल्लै."

पहिलं इल्लै खरं होतं, दुसरं खोटं होतं. शब्द तोच.

इथे थांबता येतं. म्हणता येतं की बाई गोंधळली, परकी भाषा, दारात पोलीस. घरातल्यांनी पुढे हेच म्हटलं. पण अजून आहे.

त्यानं ओट्यावर कागद टेकवून काहीतरी लिहिलं आणि प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या आणून दिला. तो पीत होता तेव्हा कागद ओट्यावर उघडा पडला होता. मी खाली बघितलं. सगळं वाचता आलं नाही, पण एक शब्द आला. एन, ओ, टी. तो शब्द मी दीड महिना गिरवला होता. वत्सलाबाई आणि नॉट. तिनंच शिकवलं म्हणून मला वाचता आलं, नाहीतर मी खरंच निर्दोष राहिले असते. कळतंय ना तुम्हाला?

तो निघाला. सायकलची साखळी निसटली होती. समोरच्या झाडाखाली बसून तो ती बसवू लागला. नीट बसेना. मी दारातच उभी होते. एक हाक मारली असती तर? दहा पावलं होती. त्याचे हात काळे झाले, त्यानं ते झाडाला पुसले, सायकलवर बसला आणि गेला. मी आत येऊन ताक केलं.

बातमी कळायला पाच आठवडे गेले. अशी व्यक्ती ह्या पत्त्यावर राहत नाही, असा शेरा होता. यजमान वन्संना घेऊन चौकीवर गेले. तिथे त्या शिपायानं सांगितलं, घरातल्याच बाईनं सांगितलं मला. पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी. कागद हातात आले तोवर तिकडची शाळा सुरू झाली होती आणि तिच्या जागी दुसरं कुणी गेलं होतं.

त्या दिवशी सगळे माझ्याकडे वळले. मी तयार होते. खरंच सांगते, ओरडले असते तर मीही ओरडून सगळं बोलले असते. पण सासूबाई म्हणाल्या, "तिला काय कळतंय? तमिळ नाही, इंग्रजी नाही. भोळी ती." आणि वन्सं, डोळे सुजलेले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तिला अस्के मिळून बोलू नका. चूक माझी. हिला इंग्रजीच्या आधी तमिळ शिकवायला हवं होतं."

मला इतका राग आला! सगळ्यांचा आला. मी गुन्हा केला होता, आणि तो करण्याइतकीही अक्कल मला आहे असं त्या घरात कुणाला वाटलं नाही. त्या रागात मी गप्प बसले. राग म्हणते, पण राग नुसता नव्हता. भोळी असणं सोयीचं होतं. अपमानच अंगावर पांघरून घेतला आणि त्यात लपले.

दुसऱ्या आठवड्यापासून तिनं मला तमिळ शिकवायला घेतलं, पुन्हा असं होऊ नये म्हणून. पहिला शब्द इल्लै. मी दहा वर्षं बोलत असलेला तो शब्द तिच्यापुढे चाचपडत, चुकत शिकले. ती न चिडता पुन्हा पुन्हा सांगायची. ह्याला काय म्हणतात? मला शब्द सापडत नाही.

ती कुठेच गेली नाही. त्याच शाळेत, त्याच पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. कोट ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात राहिला, तरी शेवटी कसरीनं खाल्ला. आता आम्ही दोघी माझ्या मुलाकडे अंबत्तूरला असतो. लोक मला म्हणतात, नणंदेचं किती करता हो.

काचबिंदूनं तिची नजर गेली आहे. म्हणून तर हे लिहायला बसले. ती समोरच्या खाटेवर आहे आणि तिला हे वाचता येणार नाही. हाही भित्रेपणाच.

दिवसातून दोनदा मी तिच्या डोळ्यांत थेंब घालते. बाटल्या दोन-तीन आहेत, चुकू नये म्हणून ती आधी वाचायला लावते. नवी कामवाली आली की तिला सांगते, "हिला मी शिकवलं. परदेशातली माझी एवढी एकच विद्यार्थिनी." साताऱ्याची म्हणून मी परदेशातली. हा तिचा जुना विनोद. हसते ती.

आज सकाळीही म्हणाली, "वाच गे, काय लिहिलंय?"

मी बाटली उजेडात धरली आणि वाचलं, "नॉट फॉर इंजेक्शन."

"शाब्बास," ती म्हणाली, आणि मान मागे करून डोळे उघडे धरले.