आधी तोंड बघा

शेख सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या सोसायटीच्या लॉबीत गुडघ्यांवर बसले होते आणि माशांच्या टाकीला नाक लावून एका माशाच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, गृहस्थांचं काहीतरी पडलंय. विचारलं, तर मान न वळवता म्हणाले, "आपणही बघा. तोंड वर वळलेलं असेल तर तो पाण्यावर तरंगणारं खाणार. सरळ असेल तर मधलं, खाली वळलेलं असेल तर तळातलं. आधी तोंड बघायचं, मग डबी उघडायची." ओळख ना पाळख, थेट शिकवणी! मग उठून त्यांनी गुडघे झटकले, नमस्कार केला आणि तळमजल्यावर राहायला आल्याचं सांगितलं.

सर भूमितीचे शिक्षक. सगळी नोकरी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत केली आणि पत्नी गेल्यावर एकटेच वारज्याला आले. ती टाकी बिल्डरनं शोभेला ठेवलेली. येता-जाता ज्याला आठवेल त्यानं काहीतरी टाकायचं, मासे मरायचे, नवे आणायचे, असा आमचा सुसंस्कृत कारभार होता. सरांनी कमिटीला रीतसर विचारून टाकी हाती घेतली. काळ्या मॉलींना उकडलेला पालक आणि साल काढलेला मटार. त्रिकोणी, उभ्या पट्ट्यांच्या एंजल माशांना वाळवलेले लाल किडे, तेही चिमटीत मावतील एवढेच. तळातल्या मिशीवाल्यांना बुडणाऱ्या गोळ्या, आणि त्या वरच्यांचं खाऊन झाल्यावर. पंगतीत वाढताना शेवटच्या पानाकडे लक्ष असणारी माणसं असतात ना, तसं त्यांचं होतं.

शनिवारी मात्र ते खुर्ची टाकून टाकीजवळ पहारा करायचे. कारण आमच्याकडे ग्रहशांतीसाठी माशांना कणकेच्या गोळ्या घालणारे भाविक पुष्कळ. नदीवर जायचा कंटाळा, लॉबीत लिफ्टची वाट बघता बघता पुण्य मिळतंय तर कोण सोडणार? सर उठून उभे राहायचे आणि अगदी मऊ आवाजात म्हणायचे, "पुण्य आपल्याला लागतं आणि पोट त्याचं फुगतं. गोळी परत न्या." माणसं चडफडत परत न्यायची. मला तर हे बघायला मजाच यायची.

मग कमिटीनं टाकीच्या वरच्या कोनाड्यात गणपती बसवला आणि आमचे अध्यक्ष दाते यांनी एक दिवस खाद्याची डबी चष्मा लावून वाचली. तिच्यात वाळवलेले किडे आणि माशांची भुकटी असते हा शोध त्यांना साठी उलटल्यावर लागला. चातुर्मासाच्या तोंडावर तातडीची सभा. देवाखाली मांसाहार चालणार नाही, टाकीत यापुढे फक्त शाकाहार! माशांना शाकाहारी करण्याचा ठराव मोठी माणसं हात वर करून मंजूर करत होती. अहो, मी स्वतः चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. पण ते माझं पोट आहे, मी माझ्या पोटाला सांगू शकते. तसं मी बोललेही, तर दाते म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.

सरांनी तेवढ्यातूनही वाट काढली. मॉली पालकावर मजेत राहतील, त्यांना इथेच ठेवू, एंजल मी माझ्या घरी नेतो, असं ते म्हणाले. इतकं सरळ होतं! दाते म्हणाले, मासे सोसायटीच्या मालकीचे आहेत. आणि मग ते वाक्य आलं, जे माझ्या कानातून अजून जात नाही.

"तुमच्या घरात तुम्ही काय खाता ते आम्ही कधी विचारलंय का, सर? पण लॉबी सगळ्यांची आहे."

प्रश्न माशांच्या खाण्याचा होता, तो सरांच्या ताटापर्यंत कसा गेला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर फक्त म्हणाले, "बरं." आणि खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली.

पुढे भाविकांना रान मोकळं मिळालं. कणीक, पोळीचा चुरा, एकादशीला साबुदाणा! पाणी पिठल्यासारखं झालं. सरांना पाणी बदलायची तेवढी परवानगी होती, म्हणून ते रोज सकाळी बादल्या वाहायचे. एंजल पोट फुगून, तिरके होऊन एकेक करून गेले. मी दात्यांच्या दारात जाऊन भांडले. ते म्हणाले, "अहो मासे ते. चार नवीन आणू." माणूस नाकानं कांदे सोलतो म्हणजे काय करतो, हे त्या दिवशी मी दारात उभं राहून पाहिलं.

शेवटचा एंजल गेला त्याच महिन्यात सरांनी फ्लॅट विकला. बिबवेवाडीला बहिणीकडे जाणार होते. टेम्पो भरून झाल्यावर दाते शाल आणि नारळ घेऊन आले. सर अगदी आमच्यातलेच कसे होते, यावर त्यांनी छोटंसं भाषणही ठोकलं. वर हसत विचारलं, "सर, मनात राग नाही ना?"

सरांनी शाल घडी मोडू न देता परत त्यांच्या हातावर ठेवली. तोच मऊ आवाज.

"आहे. खूप आहे. जाईल असंही वाटत नाही."

आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मी फाटकापर्यंत गेले. मला म्हणाले, "आपण वर जा, उन्हात थांबू नका."

गेल्या महिन्यात सर गेल्याचं कळलं. सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. दात्यांनी लिहिलं की शेख सर म्हणजे अत्यंत शांत माणूस, कधी कुणावर रागावले नाहीत. मी चष्मा शोधला, बसले आणि एकेक अक्षर नीट टाइप केलं, "रागावले होते. तुमच्यावर रागावले होते, आणि तसं तुम्हाला तोंडावर सांगून गेले."

त्यानंतर ग्रुपवर कुणी हात जोडले नाहीत.