सगळ्यात रिकामी खोली

ओपन सोर्सवाल्यांची, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची, आमची कॉन्फरन्स दरवर्षी डोंबिवलीतल्या एका कॉलेजात भरते. सगळी कामं स्वयंसेवकच करतात. तिथे एक गृहस्थ नेहमी दिसायचे. अंगात पहिल्या वर्षीचा टी-शर्ट, धुऊन धुऊन अक्षरं पार पुसलेली. चहाचा कप घेऊन ते भाषण चाललेल्या प्रत्येक खोलीत डोकवायचे आणि जिथे सगळ्यात कमी माणसं, तिथे जाऊन बसायचे.

यंदा ती खोली माझी होती. जेवणानंतरची वेळ, पंखा झोपेत असल्यासारखा फिरतोय, समोर नुसत्या खुर्च्या. मराठी कीबोर्ड बनवण्यात वर्षभर खपलो होतो, ते सांगायचं कोणाला? लॅपटॉप मिटायला घेतला, तेवढ्यात ते आले. मधल्या रांगेत बसून म्हणाले, "करा सुरुवात."

मी बोलत गेलो. पाणी प्यायला थांबलो की ते मान हलवायचे, जणू त्यांच्या मागे सभागृह भरलेलं आहे. तरी शेवटी मला लाज वाटली आणि मी आवरतं घेतलं.

"तुम्ही एकटेच होतात," मी म्हटलं.

"पहिल्या वर्षी अख्खी कॉन्फरन्स एका रिक्षात बसून स्टेशनला गेलेली," ते म्हणाले. "दोघं बोलणारे आणि ऐकणारा मी."

संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर ही गर्दी. ऊन कलून सगळं पिवळं झालेलं. त्यांना रिक्षा मिळाली होती. मला पाहून ते आत सरकले.

"शेवट गुंडाळलात तुम्ही," ते म्हणाले. "आता सांगा."