व्याह्यांसमोर मारलेली फेरी
२००९ च्या मे महिन्यात, मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी, अर्नाळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये मी पाहुण्यांना फेरी मारायला ठेवलेल्या, उभ्याने चालवायच्या आणि आपोआप तोल सांभाळणाऱ्या दोनचाकी गाडीवरून पडलो. माझ्या उजव्या हाताला पकड नाही. लग्न पार पडेपर्यंत हे व्याह्यांना कळू द्यायचे नाही, असे घरात ठरले होते. म्हणून साखरपुड्याचा नारळही पत्नीनेच दिला होता.

"चढा हो व्याहीबुवा, आज सुटका नाही!" व्याही म्हणाले. नकाराला कारण द्यावे लागले असते, म्हणून चढलो. वळताना डाव्या हाताने दांडा एकाच बाजूला ओढला गेला, गाडी गरकन फिरली आणि मी वाळूत पडलो. उठवायला व्याह्यांनी माझा उजवा हात धरला. तो त्यांच्या मुठीत नुसता लोंबत राहिला. मला मान वर करवेना.

"लागलं का?"

"नाही."

जेवताना विहीणबाईंनी माझ्या ताटाच्या डाव्या बाजूला चमचा आणून ठेवला.