बुजगावण्याचे हातमोजे

फवारणीचं किट आमच्याकडे पहिल्यांदा कोणी घातलं असेल, तर ते बुजगावण्यानं. पिकावरच्या औषधाच्या दुकानदारानं ते फुकट दिलं होतं. हातमोजे, चष्मा, मास्क आणि गुडघ्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा एप्रन. नवऱ्यानं एकदा अंगाला लावून पाहिलं, यात जीव उकडतो म्हणाला, आणि कपाशीला लागून जो मका आहे, तिथं रानडुकरांसाठी उभ्या केलेल्या बुजगावण्याला चढवून मोकळा झाला. येणारेजाणारे हसायचे. पहिल्या दिवशी मीही हसले, खोटं कशाला बोलू.

माझं हसू विरलं ते धुण्यापाशी. फवारणीचा शर्ट धुतला की माझे हात चुरचुरायचे, डोकं गरगरायचं. पंप पाठीला रुतू नये म्हणून नवरा खाली जुन्या गोधडीचा तुकडा घ्यायचा, आणि पंपाचं झाकण गळकं. तो तुकडा दिवसभर औषधात भिजून पाठीला चिकटलेला असायचा. तो म्हणायचा, घाम आहे. घामाला असा वास येतो का, हे मी त्याला किती वेळा विचारलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या सकाळी अंगणातच आमचं वाजलं. किट घालायचं नसेल तर पंपाला हात लावू नको, असं मी त्याला बजावलं. तो तोच तुकडा खांद्यावर टाकून निघाला, तेव्हा मी मागून ओरडले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाय." माझा आवाज तसाही चार घरं ओलांडून जातो.

दुपारी भाकरी घेऊन गेले तर तो बांधावर बसलेला. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं डबडबलेलं, दंडाचं मांस आपोआप उडत होतं. मी हाका मारल्या. सासरे पाण्याच्या बंद पडलेल्या मोटारीपाशी होते ते आले, शेजारच्या वावरातली माणसं आली, कोणीतरी जीप आणायला पळालं. उचलून त्याला विहिरीजवळच्या सावलीत आणलं. तिथं एका म्हाताऱ्या शेजारणीनं वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि मला विचारलं, "सकाळी लई भांडण झालं म्हणं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय समजून बसलेत, ते मला कळलं. आमच्या भागात ज्याच्या अंगाला औषधाचा वास येतो, त्यानं ते प्यायलंच असणार, असं लोक धरून चालतात. एक जण म्हणाला, मिठाचं पाणी पाजा, ओकारी काढा. दुसरा त्याचा जबडा उघडायला लागला. भीती होतीच, पण त्याहून जास्त राग आला होता. विष त्याच्या पाठीवर होतं, अजूनही मुरत होतं, आणि हे लोक ते तसंच ठेवून त्याचं पोट रिकामं करायला निघाले होते.

"तोंडाला हात लावू नका," मी म्हटलं. "त्याचे कपडे काढा."

कोणी हललं नाही. सासऱ्यांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, बोलायचं तेही दाराआडून. पण आता थांबून चालणार नव्हतं. मीच खाली बसले, शर्टाची बटणं तोडली, गोधडीचा तुकडा ओढून लांब फेकला, पँट उतरवली. बायांनी तोंडं फिरवली. एकानं घाईत निळ्या ड्रममध्ये बादली बुडवली, ती मी हिसकावून उपडी केली. त्याच ड्रममध्ये औषध कालवलेलं होतं. मग सासरे वळले आणि त्यांनी विहिरीत पोहरा सोडला. ते पाणी शेंदत राहिले आणि मी कठड्यावरच्या कपड्याच्या साबणानं नवऱ्याची पाठ, काखा, मान, केस धूत राहिले. जीप आली तेव्हा त्यांनी खांद्यावरचं उपरणं त्याला गुंडाळलं.

पैठण रोडनं शहर येईपर्यंत मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते. छाती घरघरत होती. सकाळचं माझंच वाक्य डोक्यातून जात नव्हतं. मेल्याशिवाय.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, प्यायलाय का? मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, अशी उत्तरं त्यांना रोजचीच असणार. भांडण झालं होतं का? झालं होतं. खोटं बोलले असते तर सुटले असते, पण ते मला जमत नाही. आता कोणी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, याची मला खात्री झाली.

तेवढ्यात सासरे मागून पुढं आले. "पेला नाय त्यो," ते म्हणाले. "पाठीतून गेलंय. सून म्हणती ते खरंय."

बाईंनी त्याला कुशीवर वळवलं. पाठीवर पंपाच्या आकाराचा लाल चट्टा होता. मग सगळे भराभर हलले. नर्सनं त्याला पुन्हा धुतलं, नखांत, कानांमागं, आणि माझेही हात कोपरापर्यंत धुवायला लावले. शेतातच कपडे उतरवलेत म्हणून इथवर आला, असं बाई नंतर म्हणाल्या. काही दिवसांनी त्यानं चहा मागितला, तेव्हा कुठं मी रडले.

त्याला घरी आणल्यावर मी शेतात गेले. मक्यात बुजगावणं उघडंबोडकं, नुसत्या दोन काठ्यांवर उभं होतं. विहिरीच्या कठड्यावर एप्रन, चष्मा, हातमोजे वाळत होते, आणि शेजारी सासरे बसले होते.

"धुतलं समदं," ते म्हणाले. "आता घातल्याबिगर त्याला पंप उचलू देत नाय."

किट महिनोन्‌महिने कपाशीच्या कडेला उभं होतं, दर फवारणीचं औषध त्याच्यावर उडालेलं होतं. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. ओले होते, लाल झाले होते.

"मामा, कशानं धुतलं?"

"हातानं. आन् कशानं धुनार?"

मी पदर कमरेला खोचला. कठड्यावरचे हातमोजे उचलून घातले, साबण घेतला आणि त्यांचे दोन्ही हात धरून चोळायला लागले. त्यांनी हात मागं घेतले नाहीत.